पथ्याचे सोळा महिने

मागच्या रविवारी धाकट्या नातीनं मला फोनवर एक यादी पाठवली. संधिवात असलेल्यांनी काय खाऊ नये याची. टोमॅटो, वांगी, दूध, दही, साखर, गहू, बटाटा. खाली तिनं विचारलं होतं, "आजी, तू हे सगळं खातेस ना? त्यामुळे तुझी बोटं अशी झाली का?" तिनं काळजीनं विचारलं हे मला कळतं. तरी ते वाक्य वाचून मी फोन उलटा ठेवला . हेच वाक्य मी तीस वर्षांपूर्वी दांडिया बाजारच्या घरात रोज ऐकत होते. म्हणून उत्तर लिहून देते. तुम्ही दोघांही नातवंडांनी वाचा आणि मधलं काही गाळू नका.

मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. एका थंडीत सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं मिटेनात. तासाभरानं सैल पडत. काही आठवड्यांत मनगटंही सुजली. घरचं स्वयंपाकघर माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या ताब्यात होतं, ज्यांना तुम्ही मोठी आजी म्हणता. त्यांनी माझी बोटं दाबून पाहिली आणि सांगून टाकलं की हा वात आहे आणि खाण्यातून आलाय. वाल, वांगी, दही, चिंच, टोमॅटो, केळी त्याच दिवशी बंद झाली. तुमचे आजोबा आपल्या वहिनीच्या शब्दाबाहेर नव्हते. ते म्हणाले, आधी पथ्य करून बघ, मग डॉक्टरांचं पाहू. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने माझाही त्यावर विश्वास होता.

सूज काही उतरली नाही. ती वाढली की जाऊबाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारत, "काल काय खाल्लंस?" काही नाही म्हटलं तर पटायचं नाही. मग शाळेत कुणाचा वाढदिवस होता का, कुणी सेवउसळ आणली होती का, अशी चौकशी. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणत, आधी तोंड सांभाळ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्याच बोटांनी वाणाच्या वाट्या वाटत होते आणि जाऊबाई बायकांना सांगत होत्या की हिची जीभ आवरत नाही, मग सांधे सुजणारच. बायका हसल्या. तेव्हा मी शिक्षिका होते, एका मुलाची आई होते, आणि पंचवीस बायकांदेखत हावरट ठरले. त्या बायकांचे चेहरे मला अजून पाठ आहेत.

आता वालाचं बिरडं. आमच्या घरात ते आवडीचं आणि मला सगळ्यांत जास्त. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दाबून साल काढायची. अकरा माणसांचं बिरडं म्हणजे परातभर दाणे. वाल वातूळ, म्हणून मला खायला बंदी होती. सोलायला नव्हती. जाऊबाई म्हणत, तेवढीच बोटं हलतील. प्रत्येक दाणा दाबताना कळ कोपरापर्यंत जायची. मी परात सोलून द्यायचे आणि पानावर दुधी भोपळा घेऊन बसायचे. समोर सगळे बिरडं ओरपायचे. तुमचे आजोबासुद्धा.

असे सोळा महिने गेले. शेवटी एक दिवस वर्गात माझ्या हातातून तीन वेळा खडू पडला. मुख्याध्यापिकाबाईंनी ते दारातून पाहिलं, मला रिक्षात घातलं आणि सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, हातांचे एक्सरे काढले आणि विचारलं की सोळा महिने काय करत होता? मी म्हणाले, पथ्य. त्यांनी एक्सरे पुन्हा उजेडाला धरला. आमवात आहे, म्हणाले. तुम्ही आधी आला असतात तर गोळ्यांनी बोटं वाचवता आली असती. जे सांधे झिजले ते आता परत येणार नाहीत. खाण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की एखाद्याला एखादा पदार्थ त्रास देतही असेल, तसं वाटलं तर लिहून ठेवा आणि पडताळून बघा, पण गोळी चुकवू नका.

मी पडताळून पाहिलं. गोळ्या लागू पडून दुखणं आटोक्यात आल्यावर एक वही घातली. एक पदार्थ तीन आठवडे पूर्ण बंद, पुढचे तीन आठवडे रोज, आणि रोज सकाळी बोटं किती वेळ आखडलेली राहिली ते घड्याळ लावून लिहायचं. दह्यानं फरक पडला नाही. टोमॅटोनं नाही. वांग्यानं नाही. वालानं तर मुळीच नाही. लग्नकार्यात दोनदा दुखणं उठलं, पण तेव्हा जागरणं झाली होती आणि गोळीही राहिली होती, त्यामुळे जेवणाला दोष देता येत नाही. वही पुरी झाल्यावर मी ती जाऊबाईंपुढे ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली.

"इंग्रजीत लिहिलं म्हणून खरं होतं का?" त्या म्हणाल्या आणि वहीवर भाजीची चाळण ठेवली.

त्या दिवशी मी ठरवलं की एक वाक्य यांच्याच तोंडून वदवायचं. खाण्यानं झालं नाही, माझ्यामुळे झालं, एवढंच. आणि तेही त्या बायकांसमोर. पुढे आम्ही त्याच शहरात अकोट्याला वेगळे राहायला आलो. वर्षं गेली, दोन्ही घरचे पुरुष गेले, त्यांचा मुलगा परदेशी गेला. दोन वर्षांपूर्वी मी जाऊबाईंना आमच्याकडे राहायला बोलावलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. तुम्हीही केलंत. मी ते ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी त्यांच्या पायाचा अंगठा एका सकाळी टोमॅटोसारखा लाल झाला. पांघरूणही सहन होईना. डॉक्टर गुजराती, तरुण आणि भरभर बोलणारे. जाऊबाईंना ऐकू कमी येतं. त्यामुळे सगळं ऐकायला मीच होते. रक्तात युरिक ॲसिड वाढलंय, म्हणाले, हा माझ्यासारखा आमवात नाही, हा वेगळा आजार. याच्यात खाण्याचा संबंध खरोखर असतो. खिमा, कलेजी, सुक्या कोळंबीचे सोडे आणि बाटलीतली गोड सरबतं कमी करायची, पाणी भरपूर प्यायचं, रोज गोळी घ्यायची. दूध, दही, डाळी, कडधान्यं नेहमीसारखी चालतील.

घरी येऊन मी मोठ्या अक्षरात, मराठीत, यादी लिहिली. माझ्या बोटांनी लिहायला अर्धा तास लागला. पहिल्या चार ओळी डॉक्टरांच्या. पाचवी ओळ वाल. मग दही, वांगी, चिंच, टोमॅटो, केळी आणि आणखी पाच, ज्यांतलं एकेक मी त्यांना आवडीनं खाताना पाहिलेलं. पंधरा ओळींचा कागद फ्रिजवर लावला. डॉक्टरांनी सांगितलंय, असं मी म्हणाले. त्यांची गोळी मात्र एकदाही चुकवली नाही. कुणाला माझ्या सेवेत खोट काढता येऊ नये, हेही त्यात होतं.

श्रावणात मी वाल आणले. मोड आल्यावर परात त्यांच्यापुढे ठेवली. "अंगठा दुखतोय, बोटं नाही," मी म्हणाले. त्यांनी सोलले, आणि मी त्यांच्या समोर बसून जेवले. दोनदा वाढून घेतलं. दुधी भोपळ्याची भाजी त्यांना मीच करून वाढली होती.

महिन्याभरानं अंगठा पुन्हा सुजला. मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि विचारलं, "काल काय खाल्लंत, वहिनी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दर गुरुवारी आमच्याकडे भजनाला सहा बायका येतात, त्यांतल्या दोघी दांडिया बाजारातल्या जुन्या, रिक्षानं येतात. त्यांना मी सांगितलं की वहिनींना खाण्यावर ताबा ठेवता येत नाही, या वयात चालायचंच. त्या रात्री मला फार छान झोप लागली. हे मी लपवत नाही.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं. जाऊबाईंनी फ्रिजवरचा कागद काढून पर्समध्ये घातला होता, मला न सांगता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी मराठी यादी अडखळत वाचली. ही गोळी सुरू केली की पहिले काही महिने असं दुखणं उठू शकतं, म्हणाले, खाण्याला कशाला दोष देता? मग जाऊबाईंच्या कानाशी वाकून, हे वाल-दही कुणी बंद केलं, असं मोठ्यानं विचारलं, "बा, आ वाल ने दहीं कोणे बंध कराव्यां?"

"आ भणेली छे ने," जाऊबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "एणे." ही शिकलेली आहे ना, हिनं.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसल्या.

"अजून किती?" त्यांनी विचारलं.

"सोळा महिने. चार झाले."

त्यांनी मान हलवली. जणू आकडा त्यांना आधीच माहीत होता. मग म्हणाल्या, "वातबित काही नव्हतं ग माझ्या मनात. मला वाटायचं तू सोंग करतेस. शाळेतून येतेस आणि काम टाळतेस. वाल तुझे आवडीचे, म्हणून ते बंद केले. म्हटलं, दोन महिन्यांत सरळ होईल."

तीस वर्षं मी धरून चालले होते की त्या अडाणी होत्या, त्यांचा त्या यादीवर विश्वास होता. विश्वास कधीच नव्हता. ती माझ्या यादीसारखीच यादी होती. मला फार राग आला, आणि तो राग कुणावर होता हे सांगणं कठीण आहे. मी म्हणाले, "गुरुवारी बायकांसमोर सांगा."

"सांगते. मग तुझ्या यादीचं तू सांगायचंस."

मी बरं म्हणाले.

गुरुवारी आरती झाल्यावर त्यांनी काठी टेकून सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. हिचे हात खाण्यानं बिघडले नाहीत, मी हिला डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही म्हणून बिघडले, आणि हिला हावरट म्हटलं तेही खोटं. एक शब्द कमी नाही, जास्त नाही. दांडिया बाजारातल्या दोघींनी माझ्या हातांकडे पाहिलं. एकजण म्हणाली, जाऊ दे, जुनी गोष्ट. जाऊबाईंनी माझ्याकडे वळून वाट पाहिली. मी चहा गाळायला आत गेले. परत आले तेव्हा कुणाच्या तरी नातीच्या साखरपुड्याचं बोलणं सुरू झालं होतं.

तर धाकटे, टोमॅटो खुशाल खा. पण कधी सकाळी बोटं तासभर आखडलेली राहिली आणि असं काही आठवडे चाललं, तर यादी वाचत बसू नकोस, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

कागद मी फाडला. जाऊबाई आता बिरडं खातात, दोनदा मागून घेतात. दर गुरुवारी आरतीनंतर त्या माझ्याकडे बघतात. मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिलं, तेवढंच. त्या बघतात आणि मी विचारते, चहात साखर किती घालू?