आधी कोनाचं, मंग काय

विमलताई खंडारे यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. अमरावतीत गाडगेनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि अंगणातल्या टिनाच्या शेडखाली रविवारी सकाळी भरणारा त्यांचा वर्ग. मी बार्शीटाकळीहून इंजिनिअरिंगला आलेला पोरगा. तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही दातखीळ बसली आणि नापास झालो, तेव्हा माझ्या वर्गातल्या वर्षाने मला जवळजवळ ओढतच तिथे नेलं. पंधरा-वीस मुलंमुली सतरंजीवर बसलेली. समोर खुर्चीवर पाठमोऱ्या ताई, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ, खडे निवडणं चालू.

"नवा आला का कोनी? उभा राय. नाव सांग, गाव सांग, अन् तुले काय येते थे सांग."

नाव सांगितलं, गाव सांगितलं. शेवटी म्हणालो, "मले काहीच येत नाई."

"खोटं बोलून राहिला," ताई न वळता म्हणाल्या. "बार्शीटाकळीहून इथपर्यंत आला ना? कंडक्टरसंग बोललाच असशीन. तिथून सुरू कर."

मी कंडक्टरपासून सुरू केलं. सुटे नसल्यामुळे त्याने मला कसं झापलं आणि मी कसा गप्प बसलो, ते सांगितलं. पोरं हसली. ताई हसल्या की नाही ते दिसलं नाही, पण त्यांचा डाळीतला हात थांबला होता एवढं मी पाहिलं.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांना न ओळखणारे वाचकही असतील, म्हणून थोडं सांगतो. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलचा तो जमाना. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलायचा तो ताईंच्या हातून. "अकोल्याहून अमुक बोलत आहेत, जोडून देते," हे वाक्य त्यांनी नोकरीत किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही. चेहरा कोणाचाच दिसायचा नाही. नुसत्या आवाजावरून माणूस घाबरला आहे की रडू आवरतो आहे, हे त्यांना कळू लागलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याला, मुंबईला, परदेशी नोकरीला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांसाठी हा वर्ग सुरू केला. पाठ करून बसण्याचं कारण विचारलं तर म्हणायच्या, "चेहरा पायला का मानूस दया करते. मंग आवाजात काय हाये थे ऐकूच येत नाई." बोलणारा खरं आणि सरळ बोलू लागला की त्या खुर्ची फिरवून समोर पाहायच्या. तीच शाबासकी. माझ्यासाठी ती खुर्ची फिरायला चार महिने लागले.

वर्गात त्यांचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. आपलं म्हणणं मांडण्याआधी, ते ज्याच्या बोलण्यावरून सुचलं त्याचं नाव घ्यायचं. "वर्षानं सांगितलं होतं की," असं म्हणून मग स्वतःचं सांगायचं. कोणी विसरला की ताई सूप खाली ठेवायच्या. "आधी कोनाचं, मंग काय. मी एक्स्चेंजमध्ये बसून मानसाचं नाव न सांगता फोन जोडला असता तं घरी पाठवलं असतं मले."

या नियमामागे त्यांची स्वतःची एक जखम होती. ती त्यांनी एकदाच सांगितली. त्यांच्या उमेदीच्या काळात एका पावसाळ्यात लाइन बंद पडली. बिघाड नेमका कुठे आहे हे ताईंनी केवळ खरखर ऐकून ओळखलं आणि वरिष्ठांना सांगितलं. वहीत नोंद झाली ती वरिष्ठांच्या नावाने. पुढे सुपरवायझरच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तुम्ही आजवर वेगळं काय केलं? ताई दोनदा मूग गिळून परत आल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं, साहेब, ती वही आणा, मी सांगते त्यातलं माझं कोणतं. त्यांच्या वऱ्हाडी बोलण्याची तिथे टिंगल झाली, पण जागा मिळाली. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. "दोन वेळा गप बसली ना मी," एवढंच म्हणाल्या, "थे अजून दुखते."

मी कॅनडाला निघालो तेव्हा ताईंनी मला तीन रविवार एकट्याला बोलावलं. इंग्रजी त्यांची बेताचीच. पण मी इंग्रजीत बोलायचो आणि त्या पाठ करून ऐकायच्या. "इथी आवाज खाली गेला," "इथी तू माफी मागून राहिला, काहून?" शब्द कळत नसताना माणूस नेमका कुठे वाकतो ते त्यांना कळायचं. निघताना शिदोरी म्हणून ज्वारीच्या पापड्यांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "तिथी तुले कोनी विचारणार नाई. तूच सांगजो."

शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनी आखणाऱ्या कंपनीत मी लागलो. पहिल्याच बैठकीत बोलायची वेळ आली आणि मी अंगणातल्या सवयीने ताडकन उभा राहिलो. नाव सांगितलं, गावसुद्धा सांगितलं. त्या खोलीत कोणीही उभं राहून बोलत नाही आणि बार्शीटाकळी कुठे आहे हे कोणी विचारलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. पुढचं वर्षभर मी बैठकीत तोंड उघडलं नाही. मग एकदा जेवताना सांगितलेली माझी एक युक्ती शेजारच्या सहकाऱ्याने बैठकीत स्वतःची म्हणून मांडली आणि टाळ्या घेतल्या. मी ताईंना फोन केला. मी आवाज चोरून बोलत असणार, कारण त्यांचं पहिलं वाक्य होतं, "काहून रे, कोनी मारलं का तुले?"

सगळं ऐकून म्हणाल्या, "पुढच्या बैठकीत सांग, हे मी म्हटलं होतं. भांडू नको, रडू नको. अन् बसून सांगजो, उभा राहू नको."

तसं केलं. बसूनच सांगितलं. त्या सहकाऱ्याने मान्य केलं, वरिष्ठांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं आणि तिथून माझी गाडी रुळावर आली. परक्या देशात आपलं काम आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय ते कोणाला दिसत नाही, आणि ते सांगण्यात कमीपणा नाही, हे ताईंनी मला शिकवलं. आज मी जो काही आहे तो त्या एका फोनमुळे आहे. गौरवलेख इथे थांबवता आला असता. वर्षाने फोन करून "यशस्वी विद्यार्थी म्हणून तू लिही, फोटोही पाठव" असं सांगितलं तेव्हा माझाही तोच विचार होता.

पण पुढचं सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल, आणि खोटं ताईंना पाठमोऱ्याही कळतं.

आमच्या गटात तेस्फाये नावाचे एक इथिओपियाचे गृहस्थ होते. पन्नाशीचे, फार हळू बोलणारे. स्वतःच्या देशात मोठे इंजिनिअर होते, इथे आमच्यात सर्वांत खालच्या जागेवर. मुलीच्या शिक्षणासाठी देश सोडून आलेले. बैठकीत ते कधी बोलत नसत. जेवताना मात्र माझ्याशेजारी बसायचे, कारण आम्ही दोघेही हाताने जेवायचो.

एका वस्तीत पाण्याचा दाब नोंदीत कमी दिसत होता आणि महिनोन् महिने सगळे पंप तपासत होते. तेस्फाये मला एका दुपारी म्हणाले, "पंप ठीक आहेत. दाब मोजणारं यंत्र चढावर बसवलं आहे, म्हणून ते कमी दाखवतं." मी म्हणालो, मग बैठकीत सांगा ना. ते हसले. "माझं इंग्रजी ऐकताना लोक घड्याळाकडे पाहतात. तू सांग."

मी सांगितलं. अगदी ताईंनी शिकवल्याप्रमाणे सांगितलं. आवाज खाली गेला नाही, माफी मागितली नाही. फक्त आधी कोणाचं, ते सांगितलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय नाही. नाव जिभेवर आलं होतं आणि मी ते गिळलं. खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या आणि त्या पुन्हा दुसरीकडे वळू नयेत असं मला वाटलं. तेस्फाये टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिले.

त्या कामाच्या जोरावर मला गटप्रमुख केलं. सहा महिन्यांनी कंपनीने माणसं कमी करायची ठरवली. वरिष्ठांनी मला बोलावून समोर कागद ठेवला. प्रत्येकाच्या नावापुढे त्याने नवं काय दिलं ते लिहिलेलं होतं. तेस्फायेंच्या नावापुढची जागा कोरी होती. तिथे जे असायला हवं होतं ते माझ्या नावापुढे होतं. "यांच्याबद्दल काही सांगायचं आहे का?" असं मला विचारलं. दोन वाक्यांचं काम होतं. ज्याला बोलायला शिकवण्यासाठी एका बाईंनी वर्षानुवर्षे रविवार दिले, तो माणूस म्हणाला, "नाही, विशेष काही नाही."

शेवटच्या दिवशी तेस्फाये माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "तू फार चांगलं बोलतोस. कोणी शिकवलं?" त्यात टोमणा नव्हता, मी खूप शोधला. मी म्हणालो, आमच्या गावाकडे अमरावतीला एक ताई आहेत. "त्यांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले, "आणि सांग, माझ्या मुलीलाही अशी शिक्षिका मिळायला हवी होती."

हा निरोप मी सात वर्षं पोचवला नाही.

मध्ये एकदा अमरावतीला आलो होतो. वर्ग आता ओसरला आहे. पोरं फोनवरच शिकतात, रविवारी उठून कोण येतं? पाच-सहा जण होते. ताईंच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. नोकरीभर हेडफोन त्याच कानावर असायचा. उजव्या बाजूला जाऊन बोलावं लागतं. त्यांनी मला मुलांसमोर उभं केलं आणि स्वतः खुर्ची आधीच माझ्याकडे वळवून बसल्या. त्यांनी असं कधीच कोणासाठी केलेलं नव्हतं. "याच्यावानी बोला," त्या पोरांना म्हणाल्या. "हा कोनाचं लपवत नाई अन् आपलं सोडत नाई." मी वीस मिनिटं बोललो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी पदराने डोळे पुसले. मी त्यांच्या उजव्या बाजूलाच उभा होतो. तिथेच सांगायचं होतं, आणि मी तिसऱ्यांदा गप्प बसलो. संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला निघालो तेव्हा स्वतःची शिसारी आली होती.

या लेखासाठी वर्षाचा फोन आल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. ते काम तेस्फायेंचं होतं, माझं नव्हतं, असं स्पष्ट लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: आभारी आहोत, नोंद घेतली आहे. तेस्फाये आता दुसऱ्या शहरात सामानाची गाडी चालवतात. त्यांचा नंबर मिळवून फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला माहीत होतं. मला वाटायचं, तू आज सांगशील, उद्या सांगशील." मी माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण एवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

वर्षाला मी लेख आधी वाचून दाखवला. ती म्हणाली, "अरे, हा गौरवग्रंथ हाये. असं कोनी लिहिते का?" मी म्हणालो, ताईंचं माझ्यावर जे ऋण आहे ते एवढं मोठं आहे की त्यांच्याविषयी खोटं लिहून चालणार नाही. त्यांचं शिकवणं कुठेही कमी पडलं नाही. माझ्या हातून ते अर्धंच घेतलं गेलं. बोलायला शिकलो, जोडून द्यायला शिकलो नाही. या ग्रंथात माझा फोटो छापू नये अशी विनंती मी संपादकांना केली आहे.

सत्काराच्या दिवशी हा लेख ताईंना वाचून दाखवतील तेव्हा कृपया त्यांच्या उजव्या बाजूला बसून वाचावा. आणि त्यांची खुर्ची पाठमोरी ठेवावी. या वेळी ती वळावी अशी माझी अपेक्षा नाही. ताईंना उदंड आयुष्य मिळो, गुडघे आणि उजवा कान त्यांना शेवटपर्यंत साथ देवोत. ही इच्छा मी थोड्या स्वार्थानेही करतो आहे. पुढच्या हिवाळ्यात मी अमरावतीला येईन, त्या अंगणात उभा राहीन, नाव सांगेन, गाव सांगेन आणि हे सगळं पहिल्यापासून माझ्या तोंडाने सांगेन. तोवर ऐकायला त्या असाव्यात.

ताई, कॅनडाहून तेस्फाये बोलत आहेत. सात वर्षांपासून लाइनवर थांबले आहेत. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. जोडून देतो.