फौजदारीणबाईंची जोडीदार

घरात तिला फौजदारीण म्हणत. नाव ठेवलं नवऱ्याने, उचलून धरलं मुलांनी. नवरा वेळेवर घरी आला तरी ती विचारायची, "आज लवकर कसे?" आणि उशिरा आला तर मग बघायलाच नको. पण तिचा तरी काय दोष? तरुणपणी जिवाभावाच्या मैत्रिणीबरोबर तिने केस कापायचं दुकान काढलं होतं. एका सकाळी ती मैत्रीण हातावर तुरी देऊन गेली ती थेट मागच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटायला, आणि गिऱ्हाइकं तिच्या मागोमाग. तेव्हापासून कुणी भागीदारीचं नाव काढलं की फौजदारणीच्या कपाळाला आठी पडायची.

मुलं हाताशी आल्यावर तिने नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्गात सगळ्यात मोठी तीच. रुग्णाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. आता पुन्हा गचकली तर या वयात परत प्रवेश मिळणार नव्हता. आणि शिकवणाऱ्या बाईंनी तिची नेमकी जोडी लावली ती परदेशातून आलेल्या एका उंच मुलीशी. मुलगी तुटकं का होईना, पण मराठी बोलू शकत होती. तरी कामाच्या वेळी मात्र तोंडात मिठाची गुळणी.

उचलताना दोघींनी रुग्णाच्या पाठीखालून एकमेकींची मनगटं धरायची. फौजदारीण खणखणीत आवाजात "एक, दोन, तीन" म्हणायची. मुलगी गप्प, आणि मध्येच कधीतरी मनगट दाबायची. कधी "दोन"ला, कधी "तीन"च्या बऱ्याच नंतर. सरावासाठी रुग्ण झालेला बिचारा वर्गमित्र एका बाजूने वर जायचा आणि दुसऱ्या बाजूने कलंडायचा.

"मावशी, दुखलं त्याला," मुलगी म्हणायची.

मावशी म्हणे! गोड बोलायचं आणि मला तोंडघशी पाडायचं. यात नक्की काहीतरी पाणी मुरतंय, असं फौजदारणीने ठरवूनच टाकलं. मग ती मुलीच्या हातांवर, पायांवर, नजरेवर पाळत ठेवू लागली. जितकी पाळत वाढली, तितकं रुग्णाचं कलंडणं वाढलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मुलगी व्हरांड्यात बाईंशी हळू आवाजात बोलताना दिसली. फौजदारीण तिथे आली तशा दोघी गप्प झाल्या. झालं! बाई जाताच तिने मुलीला सरावाच्या खोलीत गाठलं.

"काय चुगली केलीस?"

मुलगी घाबरली, पण खोटं बोलली नाही. "मी सांगितलं, मला तुमच्याबरोबर भीती वाटते."

"माझी कसली भीती?"

"तुम्ही रुग्णाकडे बघत नाही. सारखं माझ्याकडे बघता."

फौजदारणीला हे चांगलंच झोंबलं. मुलीने पलंगाकडे बोट दाखवलं. "झोपा. एकदाच."

ही आता काय करणार, या धास्तीनेच ती अंग ताठ करून आडवी झाली. मुलीचा हात खांद्यावर येऊन थांबला. काही घडेना. मुलगी कशाची वाट बघतेय? वाट बघून कंटाळून फौजदारणीने एक सुस्कारा सोडला, आणि त्याच क्षणी ती अलगद कुशीवर वळली. तिला झटका नाही बसला की ओढ नाही जाणवली.

"आमच्याकडे मोजत नाहीत," मुलगी म्हणाली. "माणूस श्वास सोडतो तेव्हा उचलतात. तेव्हा अंग सैल असतं, म्हणून मी तेव्हा मनगट दाबते. आणि माणसाच्या डोक्यावरून आपसात बोलायचं नाही, त्याचा अपमान होतो."

"मग हे आधी बोलायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, श्वास सगळीकडेच बघतात, आकडे नुसते म्हणायचे."

फौजदारणीला पटलं. परीक्षेत मोजायचं नाही, मुलीने मनगट दाबलं की उचलायचं, असं ठरलं. पण रात्रभर शंकेची पाल चुकचुकतच राहिली. उद्या ऐन वेळी हिने मनगट दाबलंच नाही तर?

परीक्षेला रुग्ण म्हणून खरोखरचे एक आजोबा होते. चांगले वजनदार, आणि बोलघेवडे. परीक्षक कोपऱ्यात उभ्या. दोघींनी मनगटं धरली. फौजदारणीने जीभ दाताखाली धरली आणि आजोबांच्या छातीवर नजर लावली. श्वास आत गेला. बाहेर येऊ लागला. आता! पण मनगट दाबलं गेलं नाही. उलट समोरून बारीक, अडखळता आवाज आला, "एक... दोन... तीन."

पोरगी तिच्यासाठी मोजत होती. आणि मोजून थांबली होती, मावशी उचलेल म्हणून.

कुणीच उचललं नाही.

"अहो, बसवताय ना मला? की इथेच मुक्काम?" आजोबा म्हणाले.

परीक्षक पुढे आल्या. "तुम्ही अनुभवी दिसता. आकडे झाले होते. तुम्ही का नाही उचललंत?"

बोट दाखवायला माणूस समोरच उभा होता. हिने ठरलेलं मोडलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. फौजदारणीच्या ते अगदी ओठांवर आलं होतं. तिने मुलीकडे बघितलं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण मनगटावरची पकड जराही सैल झाली नव्हती.

"तिच्या हाताचा इशारा मला अजून आला नव्हता," फौजदारीण म्हणाली. "तो आल्याशिवाय मी उचलत नाही. नापास करायचं तर करा."

मग तिने आजोबांच्या छातीवर नजर लावली आणि मनगट दाबलं जाण्याची वाट बघत ती उभी राहिली.