मधल्या माणसाला विचारायचं नसतं

सभेच्या दिवशी सकाळी माझ्या यादीतली सगळी कामं झालेली होती. पाच खुर्च्या एका उंचीच्या मिळवल्या होत्या, इन्व्हर्टर तपासला होता, पुण्याच्या पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या आणि आप्पांचा बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये भरून ठेवला होता. आप्पांचं मत कुणाच्या बाजूनं पडणार, एवढं मात्र मी कुणाला विचारलं नव्हतं. विसरले म्हणून नाही. ते विचारायचं नसतं म्हणून.

कळंबला आमचं कडक भाकरीचं काम होतं. ‘होतं’ असं लिहायची सवय अजून होते आहे. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी मिळून घराच्या मागच्या पत्र्यात सुरू केलं. ज्वारी जवळची, थापणाऱ्या बायका गल्लीतल्या. भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद धगीवर ती पापडासारखी वाजेपर्यंत सुकवायची. या शेवटच्या कामाला घाई चालत नाही. बाहेरून कडक आणि आतून दमट राहिली, तर पुडक्यात चौथ्या दिवशी बुरशी धरते. हे मी पुण्याच्या माणसाला पुढं अनेकदा समजावलं आणि त्यानं दरवेळी मान हलवली.

आप्पा म्हणजे बाजारातले जुने अडते. माझ्या सासऱ्यांचे मित्र. कपाळावर भस्म, बोलणं अर्धं मराठी आणि अर्धं कानडी, हिशेब करताना तर पूर्ण कानडी. ते मला सूनबाई म्हणत आणि तसंच वागवत. पहिल्या वर्षी ज्वारी त्यांनी स्वतः निवडून दिली. दाणा दाताखाली कसा फोडायचा, आवाजावरून ओल कशी ओळखायची, ते त्यांनी मला त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसवून शिकवलं. येणारेजाणारे बघत होते आणि मी तोंडात दाणे घेऊन बसले होते. "लाजायचं न्हाय," ते म्हणाले होते, "धंदा तोंडानंच करायचा असतो. एकतर बोलून, न्हायतर चावून."

काम वाढलं तशी जागा कमी पडायला लागली. बँकेनं तारण मागितलं, आणि घर तारण ठेवायचं नाही हे मी लग्नाच्या वर्षापासून ठरवलेलं होतं. अशा वेळी पुण्याचा एक गुंतवणूक फंड आला. बाजरी-ज्वारीच्या वस्तूंना शहरात मागणी आली होती आणि अशा छोट्या कंपन्या हे लोक शोधत फिरत होते. त्यांचा माणूस तिशीतला, पांढरे बूट घातलेला. पत्र्याखाली ज्वारीच्या पोत्यावर बसून त्यानं समजावलं. हे कर्ज नाही, मॅडम. व्याज नाही, तारण नाही. आम्ही तुमच्या कंपनीत हिस्सा विकत घेतो. कंपनी मोठी झाली की काही वर्षांनी आमचा हिस्सा आम्ही त्याहून मोठ्या कुणाला तरी विकतो आणि निघतो.

संध्याकाळी मी आप्पांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकलं.

"म्हंजे घरजावई," ते म्हणाले.

"तसंच म्हणा."

"पण जाताना घराचा आपला वाटा इकून जाणारा."

"व्हय."

"मग जावई बराय. फक्त वाटणीच्या वेळी मधी कोण बसणार ते बघून ठेव."

करारनाम्याची फाइल इंग्रजीत आणि जाडजूड होती. लातूरच्या वकिलांनी ती आम्हाला कलम कलम करून सांगितली. मी प्रत्येक कलमापुढं शंका लिहीत गेले. एका कलमापुढं मात्र काहीच लिहिलं नाही. कंपनीच्या संचालक मंडळात पाच जण असतील, दोन फंडाचे, आम्ही दोघी जावा आणि एक स्वतंत्र संचालक, जो कुणाच्याच बाजूचा नसेल. वकील हे वाचत होते आणि माझी जाऊ एकदम म्हणाली, "हा तर मधला."

आम्ही दोघी हसलो. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये ओळखीचं असं पहिल्यांदाच काहीतरी भेटलं होतं.

आमच्या बाजारात दोघांनी भागीत धंदा केला, की तिसरा मधला बसवतात. त्याचा धंद्यात वाटा नसतो. दोघांचं पटलं नाही तर तो सांगेल ते ऐकायचं, एवढंच. पण त्याला काही पथ्यं असतात. मधल्याला कुणी एकट्यानं गाठायचं नाही. त्याचा कल कुठं आहे, हे विचारायचं नाही. विचारणं म्हणजे त्याच्या नीतीवर बोट ठेवणं. माझ्या माहितीत एका तूरडाळवाल्यानं असं विचारलं होतं. त्याचा मधला तिथल्या तिथं टोपी घालून उठून गेला आणि पुढं त्या डाळवाल्याला कुणी मधला मिळाला नाही.

आम्ही आप्पांचं नाव सुचवलं. फंडाच्या माणसानं त्यांचं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, त्यांच्या शब्दावर या बाजारात पोती उचलली जातात. त्यानं ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि होकार दिला. सह्या झाल्या त्या दिवशी आप्पा नवा फेटा बांधून आले होते. मी त्यांच्या पाया पडले. "आता मी तुझा न्हाय बरं का, सूनबाई," ते म्हणाले. "आता मी मधला." मला ते फार आवडलं होतं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मोठी शेड झाली, पुडकं रंगीत झालं, त्यावर माझा भाकरी थापतानाचा फोटो आला. थापणाऱ्या बायकांना डोक्याला टोप्या आल्या, त्यावरून आठवडाभर चेष्टा चालली. मग फंडाच्या माणसानं नवा बेत मांडला. भाकरी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मशीनवर करायची. तिथं तासाला निघतील तेवढ्या इथं दिवसाला निघत नाहीत. कळंबला फक्त भाकरीबरोबर विकायची चटणी ठेवायची. "कळंब हे ब्रँडचं मूळ राहीलच, मॅडम. फोटोही राहील."

मी म्हटलं, भाकरी नीट सुकणार नाही. तो म्हणाला, त्यासाठी ओव्हन आहे. मी म्हटलं, बायकांचं काय? तो म्हणाला, चटणीला काही जणी लागतीलच. चटणीला चार-सहा जणींच्या वर कुणी लागत नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

प्रश्न संचालक मंडळापुढं गेला. त्यांची दोन मतं तिकडं, आमची दोन इकडं. म्हणजे भाकरी कळंबला राहणार की जाणार, हे आप्पांवर आलं. मी निवांत होते. ज्या माणसानं मला दाणा चावायला शिकवला, तो मशीनला हात वर करेल, हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

जाऊ निवांत नव्हती. सभेच्या आधीच्या आठवड्यात ती म्हणाली, "अक्का, आप्पांना एकदा भेटून येऊ का?"

"कशाला?"

"नुसतं चहाला जाते."

"चहालाही नको. तू गेलीस की त्यांना कळणार तू का आलीस."

"मग कळू दे की."

"तुला मधला म्हणजे काय, माहीत नाही का? उद्या उठून गेले तर?"

ती उठली. पण जाताना म्हणाली, "लई मोठेपणा देताय तुम्ही त्यांना."

सभेला आप्पा वेळेच्या आधी आले. पुण्याच्या दोघांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मी सुकवलेल्या भाकरीचे दोन तुकडे टेबलावर ठेवले, एक आमचा आणि एक त्यांनी नमुना म्हणून पाठवलेल्या मशीनच्या भाकरीचा. दोन्ही मोडून दाखवले. मशीनची भाकरी मोडताना वाजली नाही, वाकली. सगळ्यांनी ते पाहिलं. आप्पांनी मशीनचा तुकडा उचलून तोंडात टाकला, चावला आणि चहाचा घोट घेतला.

मग हात वर करायची वेळ आली. आप्पांनी हात वर केला नाही. ते उभे राहिले.

"कंपनी मोठी व्हायची तर मशीन पायजे," ते म्हणाले. "मी साहेबांच्या बाजूनं हाय. आणिक एक उघड सांगतो. त्या कारखान्याला ज्वारी पुरवायचं काम माझ्या थोरल्याला मिळालंय. सभेत सांगावं लागतं, असं साहेब म्हणले. सांगितलं."

आणि बसले.

शेडमधून थापण्याचा आवाज येत होता. आत काय झालं ते बाहेर अजून कुणाला माहीत नव्हतं.

मी फंडाच्या माणसाला विचारलं, "तुम्ही आप्पांना वेगळं भेटला होतात?"

"हो, दोन-तीनदा. आम्ही सगळ्याच संचालकांना भेटतो, मॅडम. तुम्हालाही भेटलोच की." त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. तो मला खरोखर भेटला होता, कितीतरी वेळा. त्याच्या कामांच्या यादीत आप्पांना भेटणं होतं. माझ्या यादीत पाण्याच्या बाटल्या होत्या.

जाऊ उठली, साखरेचा डबा घेऊन आप्पांपुढं उभी राहिली. "आप्पा, चहात साखर घालू का आता? तुमचं तोंड गोड झालंय."

"घाल," आप्पा म्हणाले. "आज चालतंय."

तिनं खरंच दोन चमचे साखर घातली आणि त्यांनी तो चहा प्यायला. आप्पांच्या मतापेक्षा तो चहा माझ्या मनाला जास्त लागला. वाईट वाटलं असतं तर माणूस कप बाजूला सारतो. त्यांनी बशीत ओतून, फुंकून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

बायकांना मीच सांगितलं. ते काम मी दुसऱ्या कुणावर टाकणार नव्हते. कुणी रडलं नाही. एकीनं हाताचं पीठ झटकलं आणि विचारलं, "मग अक्का, पुडक्यावरनं तुमचा फोटू तरी काढणार का न्हाय?" मी वकिलांना विचारलं. फोटो कंपनीच्या मालकीचा निघाला. अजून आहे. पुण्याच्या दुकानात भाचीनं पाहिला आणि कौतुकानं मला पाठवला. त्यात मी भाकरी थापते आहे. आतली भाकरी मी थापलेली नाही.

माझा हिस्सा कागदावर आहे. फंड विकून जाईल तेव्हा मलाही काहीतरी मिळेल, असं वकील म्हणतात. मी सभांना जाते, सही करते. काही बायका शेंगा फोडायला जातात, दोघी एका खानावळीत भाकऱ्या करतात. शेडमध्ये चटणीचा वास असतो आणि अर्धी शेड बंद असते.

त्यानंतर येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावं रिकामी होतात. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून पूजा करतात आणि शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील जेवतात. या जेवणाला कुणाला वगळायचं नसतं. भांडण असलं तरी बोलावणं जातं. मी निरोपांची यादी करायला बसले आणि आप्पांचं नाव पहिल्या ओळीत आलं, दरवर्षी येतं तसं. जाऊनं ते पाहिलं. "घाला घाला," ती म्हणाली. "या खेपेला वाढायला मात्र मी न्हाय."

आप्पा आले. ज्वारीत चालत आले, कणसं चाचपत, इकडंतिकडं बघत. कोपीसमोर हात जोडले, माझ्या सासऱ्यांच्या जागेवर बसले. पूर्वी आमच्याकडं थापणाऱ्या बायकाही जेवायला आल्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरकून जागा दिली.

"ज्वारी चांगली आली," आप्पा म्हणाले.

"हो."

मी भज्जी वाढली, आंबिलीचा तांब्या मधे ठेवला आणि समोर बसले. जे मी सभेआधी विचारलं नव्हतं ते आता विचारायला कुठलं पथ्य उरलं नव्हतं.

"आप्पा, एक विचारू? सभेच्या आधी मी तुमच्याकडं आले असते, तुमचा कल विचारला असता, तर सांगितला असता का?"

बायका जेवायच्या थांबल्या. आप्पा उठून जातील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी उंडा भज्जीत बुडवला आणि घास संपवला.

"सांगितला असता की," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलायचं?"

"पोराला काम मिळालंय, हेसुद्धा?"

"तेबी."

"मग आपण होऊन का नाही सांगितलंत?"

"मधला आपण होऊन बोलत न्हाय, सूनबाई. तुला ठावं हाय."

मला ते ठाऊक होतं. त्यांना विचारायला न जाणं हा मी त्यांना दिलेला मान होता आणि तो त्यांनी आपल्या सोयीसाठी वापरला. फंडाच्या माणसाला मी तिऱ्हाईत धरलं होतं, त्याच्याशी प्रत्येक कलमावर भांडले होते. आप्पांपुढं कलमच ठेवलं नव्हतं.

"राग हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"असू दे," ते म्हणाले आणि आंबिलीसाठी वाटी पुढं केली.

मी जाऊकडं पाहिलं. ती ज्वारीकडं बघत होती. बायकांपैकीही कुणाचा हात तांब्याकडं गेला नाही. आप्पांनी वाटी थोडा वेळ तशीच धरली. मग मी उठले, तांब्या त्यांच्या हाताला येईल असा सरकवला आणि म्हटलं, "घ्या तुमच्या हातानं."

त्यांनी ओतून घेतलं.