काजळीखालची निळी भिंत

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझं लग्न झालं आणि मी डोंगरकडा या गावी नांदायला आले. सासरच्या स्वयंपाकघराच्या भिंती चुलीत जाळलेल्या तुराट्यांच्या धुरानं काळ्याकुट्ट झाल्या होत्या. दिवाळीआधी मी पदर खोचून काजळी काढायला घेतली. आधी खराट्यानं कोरडी झाडली, मग सोड्याच्या पाण्यात चिंधी भिजवून भिंत पुसू लागले. चुलीच्या वर हातभर जागा साफ झाली, तर खाली चक्क निळा रंग.

"आत्याबाई, इथं निळा रंग होता का?" मी सासूबाईंना विचारलं.

"न्हाई बाई. आमी चुन्याबिगर कधी काही लावलंच न्हाई."

सासरे दारातून डोकावले. "निळा कुठाय? हिरवा हाय त्यो."

मी पुन्हा पाहिलं, तर मलाही तो हिरवट वाटू लागला. सासूबाई उठल्या, भिंतीवरून बोट फिरवून बोटाकडे बघत राहिल्या.

"घर आमीच बांधलं, रांधते बी मीच. मंग ह्यो लावला कोन?"

सासूबाईंनी माझ्या हातातली चिंधी घेतली आणि स्वतःच पुसायला लागल्या. संध्याकाळपर्यंत सगळी भिंत निळीच निघाली. कालवलेला चुना बादलीत तसाच राहिला. त्या दिवाळीला ती भिंत रंगवायची की नाही, हे आम्हाला ठरवताच आलं नाही.