चाळीस जणांनी तपासलेला अंगठा

आमच्या क्लिनिकच्या भिंतीवर आता खिळा ठोकायला जागा नाही. मधोमध मॅडमची पदवी, आणि तिच्याभोवती दोन-दोन दिवसांच्या कोर्सची सर्टिफिकेटं. एक पट्ट्या चिकटवण्याचं, एक सुया टोचण्याचं, एक पाठीला कप लावण्याचं. सगळ्यांना सोनेरी किनार. वाट बघत बसलेले पेशंट ती वाचतात आणि गप्प होतात. माझं शिक्षण नववीपर्यंत, त्यामुळे सुरुवातीला मीही गप्प व्हायचे. पण रोज सकाळी त्या काचा पुसता पुसता आदर हळूहळू फडक्याला लागून गेला.

मी यवतमाळकडची. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढची दोन वर्षं शेजारच्या गावी पायी जाऊन शिकले, मग घरी बसले, मग लग्न. नवरा इथल्या, हिंदी मुलखातल्या, मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, म्हणून आनंद नगरात एक खोली. रायसेन रोडवरच्या फिजिओथेरपी क्लिनिकला झाडूपोछ्यासाठी बाई हवी आहे असं कळलं, गेले. मॅडमचे वडील नागपूरहून सरकारी ऑफिसबरोबर इकडे आलेले. मॅडम जन्मल्या इथंच, त्यांचं मराठी अर्धं हिंदी. माझं बोलणं ऐकून हसल्या. "अगं, तू तर माझ्या मावशीसारखी बोलतेस! उद्यापासून ये." परक्या गावात मला कुणी हसून बोललं, ते पहिल्यांदा. हे उपकार मी विसरलेले नाही. पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

झाडू सुटला तो मॅडममुळेच. आधी शेकाच्या पिशव्या, मग मशीनचे पॅड लावणं, मग एक दिवस त्यांनी माझा हात धरून एका आजोबांच्या आखडलेल्या खांद्यावर ठेवला. "इथं दाब. आता त्यांच्याकडे बघ. पेशंट तोंडानं खोटं बोलतो, पायाची बोटं खोटं नाही बोलत. दुखलं की ती आत वळतात." मला ते लगेच जमलं. तेव्हापासून हात माझे, पेशंटच्या कार्डावर सही इंटर्न मुलांची.

या इंटर्न लोकांविषयी काय सांगावं. चार वर्षं कॉलेजात घासून येतात. त्यांना दोन गोष्टी उत्तम येतात. मशीन लावणं, आणि मशीन चालू असेपर्यंत फोन बघणं. पांढरा एप्रन, नावामागे डॉक्टर, आणि लकव्याचा पेशंट दिसला की, "दीदी, ज़रा आप देख लो ना." मी बघते. ते सगळं वहीत स्वतःच्या नावावर लिहून घेतात. त्यातली एक इंदूरची मुलगी तर मला स्नायूंची इंग्रजी नावं म्हणून दाखवायची, बाळाला बडबडगीत म्हणतात तशी.

दिवाळीच्या सुमारास माझा उजवा अंगठा दुखायला लागला. मुळाशी, मनगटाजवळ. टॉवेल पिळताना कळ थेट कोपराकडे जायची. या धंद्यात अंगठे जातात, हे मला माहीत होतं. हेही माहीत होतं की माझ्याआधी जी बाई होती तिची कंबर गेली, तेव्हा मॅडमनी तिला साडी दिली, पेढे दिले, आणि हात जोडून निरोप दिला. हात गेला तर माझ्याकडे दुसरं काय होतं? नववीची गुणपत्रिका? मी कुणाला काही बोलले नाही. डाव्या हातानं दाबायला शिकले.

डिसेंबरात मॅडमनी अजून एका सर्टिफिकेटासाठी पैसे भरले. विषय होता मनगट आणि अंगठा. देवाला विनोद कळतो.

शनिवारी एका हॉटेलचा हॉल, आमची इंदूरवाली धरून चाळीसेक डॉक्टर, दिल्लीहून आलेले एक सर. मी टॉवेल आणि सामान घेऊन गेले होते. ज्याच्यावर शिकवायचं तो माणूस आलाच नाही. सर चिडले. मॅडम उत्साहानं म्हणाल्या, "मेरी अटेंडंट है ना, सर!" आणि मी चप्पल काढून टेबलावर.

"मॉडेल नॉर्मल है," सर माइकवर म्हणाले. "पहले नॉर्मल हाथ को समझिए." मला कुणी विचारलं नाही. मग त्यांनी तपासणी दाखवली. अंगठा तळहातात घ्यायचा, चार बोटं त्यावर मिटायची, आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली वाकवायची. दुखलं तर आजार आहे. एवढंच. चाळीस जणांनी एकेक करून माझ्या उजव्या हातावर ते करून बघायचं.

पहिल्याच झटक्याला डोळ्यांपुढे काजवे. मी दात आवळले आणि झुंबराकडे बघत राहिले. ओरडले असते तर मॅडमची शोभा झाली असती, आणि सोमवारी माझ्यासाठी साडी आली असती. रांग पुढे सरकत होती. कुणी माझी मूठ वाकवताना शेजारणीला विचारत होतं की दुपारच्या जेवणात पनीर आहे का. कुणी फोटो काढून घेत होतं. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती, ती एकीला दिसली. तिनं सरांना विचारलं. सरांनी लांबूनच मान हलवली. "नॉर्मल वेरिएशन." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या पायांची दहाही बोटं आत वळलेली होती, अनवाणी, टेबलावर, सगळ्यांसमोर. चाळीस माणसं, ऐंशी डोळे. इंदूरवालीनं मूठ वाकवली आणि म्हणाली, "निगेटिव." मॅडमनी वाकवली, तेव्हा त्या मागच्या कुणाशी तरी मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोलत होत्या. "निगेटिव," म्हणाल्या, आणि माझ्या गालावर टिचकी मारली. शाबास म्हणून.

संध्याकाळी सगळ्यांना सर्टिफिकेटं मिळाली. नापास कुणीच नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो हसत सुटला. "चाळीस डॉक्टर म्हणाले काही नाही, म्हणजे काही नाही! तू काय त्यांच्याहून शहाणी?" मग माझा हात बघून हसणं थांबलं. "बोलू नको मात्र," तो म्हणाला. मी कुठं बोलणार होते?

सोमवारी बरखेड्याचे काका आले. कारखान्यातून रिटायर झालेले फिटर, लकव्यानं उजवी बाजू गेलेली. मी त्यांचा हात खांद्याच्या वर नेत होते. मध्येच अंगठ्यात कळ आली, पकड सुटली, आणि त्यांचा हात पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटला.

"अरे बिटिया," काका अर्ध्या तोंडानं कळवळले, "आधा तो लकवा ले गया, बाकी तू तोड़ेगी क्या!"

मी त्यांच्या हातावर बर्फ धरला. फार लागलं नव्हतं. माझं दुखणं मी लपवू शकत होते. त्याचा मार दुसऱ्यानं खायचा, हे नाही चाललं. मी सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, माझा अंगठा दुखतो. दोन महिने झाले."

"शनिवारी तर ठीक होता," त्या म्हणाल्या.

"शनिवारीही दुखत होता."

त्या उठल्या. माझा अंगठा आत घेतला, मूठ मिटली, आणि या वेळी माझ्या तोंडाकडे बघत हळूच वाकवली. मी जे ओरडले ते बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकलं. मॅडमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. नवं सर्टिफिकेट टेबलावरच होतं, फ्रेमवाल्याकडे जायचं होतं. त्यांनी ते उलटं ठेवलं.

"मूर्ख आहेस का? सांगायचं नाही?"

"आधीच्या बाईला तुम्ही साडी दिली होती."

त्यांनी ते उलटं सर्टिफिकेट बाजूला सारलं. मग कपाटातून पट्टा काढला, माझा अंगठा त्यात स्वतः बांधला. दीड महिना दाबायचं नाही, उचलायचं नाही. "काम इंटर्न करतील, तू शेजारी उभी राहून सांग. नंतर बघू." पगार कापला नाही. मी त्यांच्या पाया पडले, आणि पडता पडता मनात म्हटलं, बाई, चाळिसांत तुम्हीही होता.

आता इंदूरवाली दाबते, मी बोलते. पहिल्या दिवशी तिनं खाली बघत सॉरी म्हटलं. "सॉरीचं मी काय लोणचं घालू?" असं म्हणून मी तिला कामाला लावलं. मराठी तिला कळलं नाही, सूर कळला. आणि खरं सांगायचं तर मुलगी शिकते आहे. फोन खिशात असतो. हात हलका झाला. काका आता तिलाच हाक मारतात. मला बरं वाटायला हवं होतं. मला रात्री झोप नाही.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. काकांची घट्ट मिटलेली मूठ कशी उघडायची ती. ती पुस्तकात असेल तर असेल, मला कुणी शिकवली नाही, माझी मला सापडली. तीन आठवडे मी ती जपून ठेवली. पट्टा सुटल्यावर माझं म्हणून काहीतरी उरायला हवं ना? मी समोर उभी राहून बघत होते. ती एकेक बोट ओढून उघडायची, आणि काका डोळे मिटून घ्यायचे.

काल ओढताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बोटं सोड," माझ्या तोंडून आधी मराठीतच निघालं. "पहले कलाई अंदर मोड़ो. और मोड़ो. अब अंगूठा, जड़ से पकड़ के, बाहर."

तिनं मनगट आत वाकवलं, अंगठा मुळाशी धरून बाहेर घेतला. मूठ फुलासारखी नाही, जुन्या बिजागरीसारखी, पण उघडली. काकांनी आपल्या तळहाताकडे बघितलं. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "वाह, डॉक्टर साहब!"