तन् धातू

माझे वडील रत्नागिरीला हायस्कुलात संस्कृत शिकवीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. एखाद्या शब्दाचं मूळ सापडलं की ते जेवायचंही विसरत.

मी इंग्रजी शाळेत जाऊ लागले त्या पावसाळ्यात गोठा झाडताना आईच्या टाचेत गंजका खिळा घुसला. तिनं हळद-चुना भरला आणि कामाला लागली. जखम सुकत आली, तोच एका सकाळी तिला पेज गिळता येईना. दातखीळ बसली होती. दुपारपर्यंत पाठ कमानीसारखी उचलली जाऊ लागली. जरा खुट्ट झालं की झटका येई.

डॉक्टर तपासून ओटीवर आले. "मास्तर, टिटॅनस. इंजेक्शन मुंबईहून यायला हवं, आणि पावसाळ्यामुळे बोटी बंद."

अण्णा म्हणाले, "टिटॅनस! मूळ ग्रीक, टेटॅनॉस. म्हणजे ताणलेला. आपला तन् धातू तोच, डॉक्टर! ताण, तंतू, सगळी एकाच घरची."

"असं? आम्ही नुसतंच पाठ केलं," म्हणत डॉक्टर बसले.

अण्णांचा आवाज वर्गात चढावा तसा चढला. आत आईचं अंग ताठ होत होतं. मी बाहेर आले. "अण्णा, हळू बोला. आईला झटके येतायत."

"हो, हो," म्हणाले, आणि धनुर्वात या शब्दाकडे वळले. थोड्याच वेळात आवाज पुन्हा होता तिथे.

मी दार लोटून आईपाशी बसले. तिचे ओठ ओढले जाऊन चेहरा हसल्यासारखा दिसत होता. शुद्ध मात्र शाबूत होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं. डोळे दाराकडे होते.

दोन दिवसांनी ती गेली.

त्या हिवाळ्यात अण्णांनी वाचनालयात शब्दांच्या उगमावर व्याख्यान दिलं. तन् धातू समजावताना त्यांनी 'एका रुग्णाची' वाकलेली पाठ हातांनी काढून दाखवली. टाळ्या पडल्या. मी बायकांच्या बाजूला बसले होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "एक रुग्ण का म्हणालात? आई होती ती."

उपरण्याची घडी घालत ते म्हणाले, "व्याख्यानात घरचं आणू नये."

पुढच्या वर्षी मी संस्कृत सोडलं. अण्णांना फार वाईट वाटलं. आई गेली तेव्हा ते रडले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांचे डोळे भरून आले.