पहिला घास

पंचवीसेक वर्षांपूर्वी किन्हवलीच्या गिरणीवर भात भरडायला गेलो की वजनात फसवतील म्हणून मी वजनकाट्याजवळून हलत नसे. तिथे पोती उचलणारा एक जवान माणूस दुपारी भाकरीचा पहिला घास बायकोला भरवायचा. मला कौतुक वाटायचं.

एकदा शेजारीच बसलो, तेव्हा त्याचं बोलणं ऐकू आलं.

"गिळ आधी. तोंड उघडून दाखव."

तिने निमूट तोंड उघडलं.

"भाकरीत काय तरी घालते ही," तो मला म्हणाला. शहापूरच्या व्यायामशाळेत जायला लागल्यापासून त्याचे दंड दुप्पट झाले, असं लोक म्हणत. मी दीडपट म्हणेन. पण नजर मात्र कुठेच ठरत नव्हती. त्याच्या खिशातून इंजेक्शनची सुई आणि लेबल नसलेली औषधाची बाटली डोकावत होती.

"आणि या बाटलीत काय आहे?" मी विचारलं.

"ताकदीचं औषध. व्यायामशाळेतला उस्ताद देतो. तो कशाला फसवील?" म्हणता म्हणता त्याने माझी कॉलर धरली. "तुला हिनंच पढवलं ना?"

बायकोने त्याचा हात सोडवला. मी आणखी काही बोलणार, तोच ती हळूच म्हणाली, "नका, दादा. तुमी तुमच्या घरी जाल. मला याच्यासंगती जायचंय."